माळ्यावर चढलेला सीपीयू

"काय बदललंस?"

कॉम्प्युटर घेऊन दुकानाची पायरी चढलेल्या माणसाला बाई आधी हे विचारायच्या. 'या, बसा' नाही की नाव-गाव नाही. पीटीच्या मास्तरासारखे दोन्ही हात पाठीमागे बांधून उभ्या राहायच्या आणि उत्तर मिळेपर्यंत मशीनला बोट लावायच्या नाहीत. समोरचा हमखास म्हणायचा, "काही नाही हो, आपोआप बंद पडला." की बाईंचा आवाज चढायचा. "आपोआप? काल चालत होता, आज नाय चालत. मधे काहीतरी केलंस ना? मग काय बदललंस ते सांग."

अरेतुरे लक्षात आलं ना तुमच्या? एरवी बाई सगळ्यांना अहोजाहो करायच्या. पण कॉम्प्युटर टेबलावर आला की समोर साहेब असो की शिपाई, थेट 'तू'. काम झालं की पुन्हा "बसा साहेब, चहा सांगू?" एका कचेरीतले मोठे कारकून प्रिंटर घेऊन आले होते. घाम पुसत म्हणाले, सकाळपासून छपाई होत नाही, प्रिंटर गेला. बाईंनी तीनदा विचारलं, तीनदा ते म्हणाले, काहीही बदललं नाही. चौथ्यांदा कबूल झाले की मोबाइल चार्ज करायला एक पिन काढली होती. "आणि मोबाइलची बॅटरी किती झाली आता?" बाईंनी विचारलं. "पूर्ण," कारकून म्हणाले. "मग जा, प्रिंटरची पिन परत लाव आणि हा उचलून ने."

महाडच्या बाजारपेठेत तुम्ही कधी कामाने आला असाल, तर तुम्हीही हा आवाज ऐकला असणार. दुकान गल्लीत आत होतं, पण आवाज मुख्य रस्त्यावर यायचा. बाई मूळच्या पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या, आंबेनळी घाटाकडच्या एका वाडीतल्या. लग्न होऊन मुंबईला गेल्या, तिथे कॉम्प्युटर जोडणाऱ्या एका दुकानात हाताखाली काम करता करता सगळं शिकल्या आणि काही वर्षांनी एकट्याच परत आल्या. का आल्या ते विचारायची कोणाची छाती नव्हती.

त्यांची एक पद्धत होती. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक मशीनला सुतळीने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधायची. पुढच्या बाजूला गिऱ्हाईक काय म्हणालं ते लिहायचं, मागच्या बाजूला खरं काय निघालं ते. पुढे 'आपोआप बंद पडला', मागे 'चहा'. पुढे 'व्हायरस असेल', मागे 'पाल'. मी शाळेत मास्तर. शाळेतून येता जाता तिथे थांबून चिठ्ठ्या उलटून वाचायचो आणि दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत सांगून सगळ्यांना हसवायचो. हसायला काय जातं? आपली चिठ्ठी तिथे नसली म्हणजे झालं.

आता जे सांगतो ते सांगताना मला अजून राग येतो. मोठा पूर आला तेव्हा बाजारपेठेत पाणी दुकानांच्या पाट्यांपर्यंत चढलं होतं. बाईंच्या दुकानात लोकांचे कॉम्प्युटर होते, ते सगळे बुडाले. पाणी ओसरल्यावर लोक त्यांच्या दारात जमले, पण कोणी फावडं घेऊन आलं नव्हतं. प्रत्येकजण आपला सीपीयू मागायला आला होता. बाई गुडघाभर चिखलात उभ्या राहून एकेक मशीन उघडत होत्या, आतला गाळ स्वच्छ पाण्याने धुऊन दात घासायच्या ब्रशने काढत होत्या. आणि लोक बोंबलत होते, आमचा माल बुडवलास, भरून दे. जणू नदी बाईंनीच सोडली होती.

मीही त्यांच्यात होतो. "तुमच्या भरवशावर ठेवला होता," असं मी म्हणालो. स्वतःच्या घरात दोन दिवस चूल पेटली नव्हती अशा बाईला म्हणालो. त्या मान वर न करता ब्रश घासत राहिल्या. तीन आठवड्यांनी त्यांनी माझी हार्ड डिस्क वर्तमानपत्रात गुंडाळून हातात ठेवली. सगळं शाबूत होतं, आईचे फोटोसुद्धा. मी 'थँक्यू' म्हणालो आणि घरी आलो. माफी मागितली नाही ती नाहीच.

त्या पुरानंतर महाडातले सीपीयू वर चढले. कोणी कपाटावर ठेवला, कोणी दाराच्या वर फळी ठोकली, कोणी थेट पोटमाळ्यावर नेला. पडदा, कीबोर्ड, माउस खाली टेबलावर, सीपीयू छताला, आणि मधे कारल्याच्या वेलासारख्या वायरी लोंबताहेत. पावसाळ्यात एकवेळ समजू शकतो, पण भर मे महिन्यातही तो खाली यायचा नाही. मग कोणाचा माउस अडखळायचा, कोणाचा प्रिंटर दिसायचा नाही, आणि गेम खेळायचा कंट्रोलर तर लावला न लावला तोच बंद पडायचा. बाई कपाळावर हात मारायच्या. "पाणी चार दिवस येतं रे, वायर बारा महिने लोंबते! एवढ्या लांब वायरीतनं करंट धड पोचत नाय, सिग्नल पोचत नाय. आणि म्हणतात, कंट्रोलर खराब हाय." हे वाक्यही मी शिक्षकांच्या खोलीत त्यांच्या आवाजात म्हणून दाखवायचो.

आता माझ्या चिठ्ठीकडे येतो.

बाबा एसटीचे ड्रायव्हर. आयुष्य कशेडी आणि आंबेनळी घाटांच्या वळणांवर गेलं. निवृत्तीनंतर त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात मांडीवर ठेवला तर तिथेच राहायचा, आणि बोलण्यातून दोन-तीन शब्द कसेबसे सुटायचे. व्यायाम करून घ्यायला फिजिओथेरपीच्या डॉक्टर येत. त्यांनी दाबायला दिलेला रबरी चेंडू बाबांनी डाव्या हाताने खिडकीबाहेर फेकला. डॉक्टर म्हणाल्या, "यांच्या बोटांना आवडीचं काम द्या. नाहीतर बोटांत आला आहे तेवढा जीवही जाईल." मुंबईच्या माझ्या भावाने मग ट्रक चालवायचा एक गेम आणला आणि त्याला लागणारा कंट्रोलर. दोन्ही हातांत धरायचा, डाव्या अंगठ्याखालच्या दांडीने स्टिअरिंग फिरवायचं, उजव्या तर्जनीखाली ॲक्सिलरेटर. बाबांची तर्जनी जेमतेम हलायची, पण ट्रक हलला.

काय सांगू तुम्हाला, रोज दुपारी घरात घाट सुरू झाला. गेममधले रस्ते परदेशातले, गाड्या उजव्या बाजूने चालणाऱ्या. बाबा आपले शिस्तीत डावीकडून जायचे आणि समोरून येणारा प्रत्येकजण चुकीच्या बाजूने येतोय म्हणून त्यांचं डोकं फिरायचं. त्यातून त्यांना एक नवा शब्द फुटला. तो इथे लिहिता येणार नाही, पण डॉक्टर म्हणाल्या, उच्चार स्पष्ट आहे.

जूनमध्ये जोराच्या पावसाचा इशारा आला आणि मी सीपीयू माळ्यावर चढवला. होय, मीच. लांब वायर आणली, कंट्रोलर तिला जोडला. पाणी काही आलं नाही, पण सीपीयू तिथेच राहिला. दुसऱ्या दिवसापासून ट्रक मधेच थांबायला लागला. कंट्रोलरवरचा दिवा चालू असायचा, म्हणून मला वाटलं, हा तर ठीक आहे. मी म्हणालो, "बाबा, नीट दाबा." चार दिवसांनी ओरडून म्हणालो, "नीट दाबा ना, बाबा!"

बाबा दाबत होते. दाबून दाबून त्यांच्या कपाळाची शीर फुगायची. पडद्यावर ट्रक मेलेला.

मी नुसता कंट्रोलर घेऊन बाईंकडे गेलो. त्यांनी हात पाठीमागे बांधले. "काय बदललंस?"

"काही नाही," मी म्हणालो.

एवढा सोपा प्रश्न होता. पण त्यांचीच नक्कल करून मी गावाला हसवलं होतं, आणि आता माझाच सीपीयू माळ्यावर आहे हे मास्तरांच्या तोंडून निघेना. बाईंनी त्यांच्या मशीनला हातभर वायरीने कंट्रोलर जोडला. सगळी बटणं चालली. "हा चांगला हाय," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. "घरी काय बदललंस?" मी पुन्हा म्हणालो, काही नाही. त्यांनी चिठ्ठी लिहिली आणि कंट्रोलरला बांधली. पुढे, 'मास्तर म्हणतात काही बदललं नाही'. मागची बाजू कोरी.

कंट्रोलर चांगला, म्हणजे बाबांचा हातच गेला. मी हे मोठ्याने बोललो नाही, पण माझा चेहरा बाबांनी वाचला. त्यांनी कंट्रोलर बाजूला सारला. "हात... गेला," एवढं म्हणून भिंतीकडे तोंड करून झोपले. दोन आठवडे त्यांनी व्यायाम केला नाही, डॉक्टरांना हात लावू दिला नाही. जाताना डॉक्टर मला दारात म्हणाल्या, "असंच चाललं तर मिळवलेलं सगळं जाईल, आणि पुन्हा मिळेलच असं नाही."

मी काय केलं असेल? बाईंच्या दुकानात जाऊन त्यांच्यावरच ओरडलो. "तुम्हाला येत नसेल तर तसं सांगा ना! तुमच्या 'चांगला हाय'पायी बाबांचा हात मेला म्हणून पंधरा दिवस ते भिंतीकडे तोंड करून पडलेत!" चार गिऱ्हाइकांसमोर. बाईंनी त्या चौघांना बाहेर काढलं, शटर ओढलं आणि म्हणाल्या, "स्कूटर काढ."

घरात आल्या आणि उंबऱ्यातच थांबल्या. त्यांची नजर टेबलावरून वायरीवर गेली, वायरीवरून माळ्यावर. त्यांनी हात पाठीमागे बांधले.

"तो वर कधी चढवलास?"

"जूनमध्ये."

"आणि हा बंद कधी पडला?"

"लगेच दुसऱ्या दिवशी."

"तू मास्तर ना रे? पोरं खोटं बोलली तर त्यांना काय शिक्षा करतोस तू? तुझी लाज राखायला बापाचा हात मेला म्हणालास? पंधरा दिवस माणूस भिंतीकडे तोंड करून पडलाय तो तुझ्या वायरीपायी! आणि वर माझ्या दुकानात येऊन मला अक्कल शिकवतोस!" शेजारची माणसं खिडकीत आली. मी गडबडीने स्टुलावर चढून सीपीयू काढायला गेलो, तर बाई गरजल्या, "हात लावू नको!"

पलंगावरून खर्र असा आवाज आला. बाबा हसत होते.

बाई वळल्या. "हसा, डायवरकाका, हसा. तुमचंच हाय ते. पोलादपुरातनं वर जाणाऱ्या गाडीत आम्ही पोरी तुमच्या शेजारी बॉनेटवर बसायचो. गियरकडे नुसतं बघितलं तरी तुम्ही वरडायचात, हात लावू नको! आठवत नाय? पण गाडी सुटायची वेळ झाली तरी वाडीतली एक पोरगी आली नाय म्हणून थांबायचात. ती मी."

बाबांना आठवलं की नाही, देव जाणे. पण ते भिंतीकडून इकडे वळले होते.

बाईंनी स्वतः स्टुलावर चढून सीपीयू खाली आणला, टेबलाशेजारी ठेवला आणि कंट्रोलर आखूड वायरीने थेट त्याच्या मागच्या बाजूला जोडला. गेम उघडलाच नाही. कॉम्प्युटरमध्येच कंट्रोलर तपासायची एक छोटी खिडकी असते, ती उघडली. बटण दाबलं की तिथे दिवा लागतो, आणि तर्जनीखालचा ॲक्सिलरेटर दाबला की एक उभी पट्टी सरकते. कंट्रोलर बाबांच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "दाबा."

बाबांनी मान हलवली. गेला, असं त्यांना म्हणायचं होतं.

"दाबा म्हणते ना! अख्खा घाट चालवलात, एक बोट चालवायला काय होतंय?"

बाबा चिडले. झटका आल्यापासून सगळे त्यांच्याशी हळू, गोड बोलत होते, लहान मुलाशी बोलावं तसे. त्यांचे कान लाल झाले. तर्जनी थरथरली आणि पडद्यावरची पट्टी नखाएवढी सरकली. परत खाली आली. पुन्हा सरकली.

"ही कोण हलवते?" बाईंनी विचारलं. "मी नाय. मास्तर नाय. हे तुमचं बोट हाय, काका. मेलेलं बोट पट्टी हलवत नाय."

बाबा पट्टीकडे बघत राहिले. मी बाहेर अंगणात जाऊन उभा राहिलो, कारण मला रडू येत होतं आणि बाईंसमोर रडायची माझी लायकी नव्हती.

एक दोष अजून होता, तोही त्यांनी शोधला. बोट एवढंसंच दाबलं गेलं तर गेम त्याला चुकून लागलेला धक्का समजतो आणि मोजतच नाही. गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन बाईंनी सुरुवातीचा जेवढा दाब गेम सोडून देतो, तो आकडा शून्यावर आणला. "आता नखभर दाबलं तरी मोजेल," म्हणाल्या. ट्रक गुरगुरला आणि इंचभर पुढे गेला. जाताना माझी चिठ्ठी मागून घेतली, मागच्या बाजूला लिहिलं, 'माळ्यावर चढवला. लाजला.' आणि ती सीपीयूला बांधून गेल्या. ती तिथेच आहे. मी काढलेली नाही.

त्यानंतर दर शनिवारी दुपारी दुकान बंद करून त्या यायच्या. पलंगाशेजारी प्रवाशासारख्या बसायच्या. "डायवरकाका, वळणावर हॉर्न द्या. अवो, कुठे चाललात, दरीत घालता काय?" बाबा त्यांना उलट सुनावायला शब्द शोधायचे, आणि शोधता शोधता ते सापडायला लागले. 'गप्प' सापडला, 'बस खाली' सापडला. वर्षभरात उजवा हात चमच्याजवळ पोचला. तोंडापर्यंत मात्र जायचा नाही, छातीशी येऊन थांबायचा.

गेल्या पावसाळ्यात पुन्हा इशारा आला. भोंगा वाजला, बाजारपेठ सामान उचलायला लागली. मी स्कूटरवरून घरी निघालो होतो. बाई दोन्ही हातांत एकेक असे लोकांचे सीपीयू घेऊन जिना चढत होत्या, वरच्या मजल्यावरच्या रिकाम्या खोलीत ठेवत होत्या. एकट्याच. मागच्या वेळच्या शिव्या त्या विसरल्या नव्हत्या. मला बघून थांबल्या, धापा टाकत म्हणाल्या, "मास्तर, थोडा हात लावता?" मशीन समोर असून मला अहोजाहो केलं, हे मला नंतर आठवलं.

"घरचं उरकून आलोच," मी म्हणालो.

गेलो नाही. सीपीयू बाबांना सांगून वर ठेवला, धान्य उचललं, मग चहा घेतला, मग म्हटलं, एव्हाना त्यांचं झालं असेल. तसं ते झालं होतंच. पाणी बाजारपेठेत शिरलंच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आत त्या गेल्या.

तिसऱ्या दिवशी बंद शटरसमोर माणसं जमली होती. मला वाटलं, हार घालायला आली असतील. एकजण म्हणाला, "आमचा सीपीयू आत अडकलाय हो, आता काढायचा कसा?" दुसरा म्हणाला, "भिजला नाही ना ते बघायला पाहिजे." तेव्हा मी भर बाजारात जो ओरडलो, तसा जन्मात ओरडलो नव्हतो. काय काय बोललो ते आठवत नाही. एवढं आठवतं की शिव्या त्यांना घालत होतो आणि प्रत्येक शिवी मला लागत होती. मग बाईंच्या भावाकडून किल्ली आणून वरची खोली उघडली. सगळी मशीन ओळीने ठेवलेली, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, प्रत्येकाला चिठ्ठी. एकाच्याही अंगावर पाण्याचा थेंब नव्हता. एकेकाला बोलावून दिली. काहींनी चिठ्ठी तिथेच तोडून टाकली.

बाबांना मी सांगितलं नाही. त्यांना धक्का बसेल, पुन्हा झटका येईल, अशी कारणं माझ्याकडे होती. इशारा उतरताच सीपीयू मी पुन्हा खाली टेबलाशी आणला होता. शनिवार आला. बाबा कंट्रोलर घेऊन बसून राहिले. मी म्हणालो, बाई गावी गेल्यात. पुढच्या शनिवारी म्हणालो, पावसाने रस्ता बंद आहे. तिसऱ्या शनिवारी बाबांनी ट्रक रस्त्याच्या कडेला घेतला, थांबवला आणि कंट्रोलर मांडीवर ठेवला. बाई बसायच्या त्या खुर्चीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"काय... बदललं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," हे शब्द माझ्या जिभेवर आले होते. सवयच ती. समोर सीपीयूला चिठ्ठी लोंबत होती.

मी स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसलो आणि सगळं सांगितलं. बाई गेल्या ते सांगितलं, जिना सांगितला, त्यांनी हाक मारली ते सांगितलं, मी गेलो नाही तेही सांगितलं. बाबा ऐकत होते. एकदा त्यांचे कान लाल झाले, मला वाटलं आता मारतील, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं. मग त्यांचा उजवा हात मांडीवरून उचलला गेला, नेहमीसारखा छातीशी येऊन थांबला, आणि तसाच वर गेला. त्या हाताने त्यांनी डोळे पुसले.